दोन डॉलरचा डबा आणि तिसरी हाक

श्रूजबरी, मॅसॅच्युसेट्स
६ फेब्रुवारी २००५

तीर्थरूप अक्कास,

धाकट्या चारूचा इकडून, बर्फात जेवढं वाकता येतं तेवढं वाकून, साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा, तुझा दमा आणि तुझी धाकटी जाऊ ही तिन्ही दुखणी आटोक्यात असतील अशी आशा करतो. कलमांना मोहोर कसा आहे, माकडं यंदा किती आली, आणि माझ्यासाठी पडवीशेजारच्या खोलीत तू हौसेनं जो कमोड बसवून घेतलास त्याच्या टाकीत पाणी चढायला लागलं की नाही, हे सविस्तर कळव. तुझ्या नातवाच्या, अनिशच्या मोबाइलवरून तू देतेस ते मिस्ड कॉल मला पोचतात. मी उलट फोन केला नाही याचा राग धरू नकोस, कारण या पत्रात आहे. माझी प्रकृती उत्तम आहे. एक्काहत्तराव्या वर्षी जेवढी असावी तेवढीच, पण उत्तम.

आता मुद्द्याचं. हे पत्र म्हणजे तुझ्याविरुद्ध तक्रार आहे. मी सहा वर्षांचा असताना तू मला विहिरीपाशी उभं करून सांगितलं होतंस, की बाहेरून कुणी हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, दुसऱ्या हाकेलाही नाही. माणूस असेल तर तिसरी हाक मारतं, आणि दुसरं काही असेल तर ते दोनदाच हाक मारून वाट बघत बसतं. मी मेडिकलला गेलो, अमेरिकेत आलो, तीस वर्षं लोकांची हृदयं तपासली. गेल्या गणपतीत इथल्या मराठी मंडळात ‘अंधश्रद्धा आणि आपण’ या विषयावर पाऊण तास बोललो. (लोक बटाटेवड्यांसाठी थांबले होते, तरी बोललो.) पण तू घातलेलं ते खूळ आत कुठेतरी जसंच्या तसं होतं. त्यापायी एक जीव जायची वेळ आली होती. सगळं क्रमानं सांगतो.

माझ्या शेजारी शू नावाचे चिनी गृहस्थ राहायचे. तिकडे त्येनचिन गावात शाळामास्तर होते, मुलामागोमाग चौदा वर्षांपूर्वी बायकोला घेऊन इकडे आले. त्यांचं इंग्रजी बेताचं आणि माझं चिनी शून्य, त्यामुळे आमची मैत्री कुंपणावरून भाज्यांच्या भाषेत चालायची. ते हातभर लांबीचे दोडके द्यायचे, आणि माझी सुचित्रा होती तोवर ती त्यांना थालीपीठ द्यायची. एकदा त्यांनी माझं आडनाव विचारलं. मी सहस्रबुद्धे म्हणालो. (इथे सगळे मला डॉक्टर एस म्हणतात. आपल्या हजार बुद्ध्यांतली एकच त्यांना पेलते.) त्यांनी ते सावकाश पुन्हा म्हणून बघितलं, प्रत्येक अक्षराला एक बोट मिटलं, आणि पाचही बोटं संपली तेव्हा त्या मुठीलाच नमस्कार केला. त्यांच्यात आडनाव एका अक्षरात उरकतं. त्यांची बायको मात्र बाहेर यायची नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीतून हात हलवायची, मीही हलवायचो. चौदा वर्षांत तिचा आवाज मी ऐकला नव्हता, हे ध्यानात ठेव.

गेल्या ऑगस्टमध्ये शू गेले. स्वादुपिंडाचा कॅन्सर, तीन महिन्यांत खेळ आटोपला. ऑक्टोबरात त्यांच्या मुलानं, केव्हिननं, घरासमोरच्या हिरवळीवर टेबलं मांडून बापाच्या वस्तू विकायला काढल्या. इथे ही रीतच आहे, लोकांना त्यात काही वाटत नाही. मला वाटलं, आणि तरीही मी गेलो, याचं वाईट वाटतं. गेलेल्या माणसाचा चष्मा, त्याची कुदळ, त्याची खुर्ची. खुर्चीच्या गादीला बसायचा खळगा तसाच होता आणि त्यात पिवळं पान पडलं होतं. तिथे मला बिस्किटांचा एक गोल निळा पत्र्याचा डबा दिसला. झाकणावर मार्करनं काहीतरी चिनी लिहिलेलं. सुचित्राकडे अगदी तसाच डबा होता, त्यात ती सुईदोरा ठेवायची, म्हणून माझा जीव त्यावर गेला. केव्हिन म्हणाला, पाच डॉलर. आता मेलेल्या माणसाच्या दारात घासाघीस करू नये एवढं मला कळायला हवं होतं, पण तू मला बाजारात वाढवलंस. मी डब्याला पोचा दाखवला, झाकण सैल असल्याचं दाखवलं, आत जुन्या कॅसेटी आहेत म्हणजे कचरा मलाच टाकावा लागणार हेही दाखवलं, आणि दोन डॉलरला घेतला. खिडकीत शूबाई उभ्या होत्या. त्यांनी हात हलवला नाही. मला वाटलं, उन्हामुळे मी दिसलो नसेन.

डबा आणून तळघरात ठेवला आणि विसरलो. तुझ्याकडे कायमचं यायचं म्हणून जानेवारीत सामान बांधायला घेतलं, तेव्हा तो पुन्हा हातात आला. त्याच शनिवारी बर्फाचं वादळ सुरू झालं. रविवारी सकाळी दार उघडलं तर समोर पांढरी भिंत. करमेना, म्हणून दुपारी टेपरेकॉर्डर जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि पहिली कॅसेट लावली. शूंचा आवाज आला. इतका जवळून, की मी समोरच्या खुर्चीकडे बघितलं. आवाज म्हणाला, ‘ग्वे’. मग शाळामास्तरी इंग्रजीत, ‘एक्स्पेन्सिव्ह’. महाग. मग पुन्हा ग्वे, आणि पुढे, ‘युअर नेम, सर, एक्स्पेन्सिव्ह नेम.’ थोड्या वेळानं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वस्तूचा भाव चढा असला तर जो शब्द, तोच शब्द समोरच्याला मान द्यायला. आपण शुभनाव विचारतो तसं ते महागडं आडनाव विचारतात, ‘निन ग्वे शिंग?’ शब्द मला आवडला. आपल्यात महाग वस्तूला आपण शिव्या घालतो, हे लोक तिला पाटावर बसवतात.

पण अक्का, पुढचं ऐक. आवाजानं विचारलं, निन ग्वे शिंग? आणि थांबला. कॅसेट नुसती फिरत राहिली. मी गप्प. मग आवाज म्हणाला, ‘व्हेरी गुड.’ पुन्हा विचारलं, पुन्हा थांबला. मी पुन्हा गप्प. ‘व्हेरी गुड.’ तिसऱ्यांदा विचारलं. (इथे तुझी विहीर आठवली. तीनदा विचारतोय म्हणजे माणूस आहे, असं मनाशी म्हणून मी धीर केला.) मी रिकाम्या खोलीत मोठ्यानं म्हणालो, सहस्रबुद्धे. माझा ‘द्धे’ तोंडातून सुटतोय तोच, ‘व्हेरी गुड.’ एक क्षण आधी नाही, एक क्षण नंतर नाही. मी कॅसेट मागे नेली आणि घड्याळ लावून पुन्हा ऐकलं. एका अक्षराच्या आडनावाला एवढी जागा कोण सोडतं? आणि वाक्यागणिक शेवटी ते एक शब्द म्हणायचे, ‘दायफू’. आपण ‘हो की नाही’ म्हणतो तसं काहीतरी असेल असं समजून मी सोडून दिलं.

दुसरी कॅसेट त्याहून वाईट. तिच्यात शू मास्तर दोन माणसांचे आवाज काढत होते. एक बारीक, चिरका, बाईचा आवाज म्हणायचा, ‘थाय ग्वे ल’, म्हणजे फार महाग, फार महाग. मग त्यांचा स्वतःचा आवाज शांतपणे समजूत घालायचा, ‘बू ग्वे, बू ग्वे’, महाग नाही, महाग नाही. सौदा याओ नावाच्या जिनसेचा चालला होता, ती मी माठासारखी काही पालेभाजी धरली. म्हातारा माणूस बाईच्या आवाजात बोलतो तेव्हा हसू यायला हवं. मला आलं नाही. तो आवाज थकलेला होता, धाप लागल्यासारखा. आणि मग, जिथे मी ‘बू ग्वे’ म्हणायचं तिथे जागा सोडलेली होती, त्या जागेत कॅसेटमधून कुणीतरी शिंकलं. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात. सात शिंका, आणि सातवीनंतर ‘अरे देवा’. अक्का, आपल्या घराण्यात सातच शिंका येतात हे साऱ्या गुहागराला माहीत आहे. ती शिंक माझी होती. तो ‘अरे देवा’ माझा होता. मेलेल्या माणसाच्या डब्यातून माझाच आवाज मला ऐकू येत होता, आणि बाहेर एवढा बर्फ की रस्त्यावर चिटपाखरू नाही. मी टेपरेकॉर्डरचा प्लग काढला, वर टॉवेल टाकला.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, वादळ थांबलं. साडेचारच्या सुमारास उजेड निळसर होत चालला होता, मी चहाचं आधण ठेवलं होतं. टेपरेकॉर्डर टॉवेलाखाली, प्लग भिंतीपासून हातभर लांब. आणि आवाज आला, ‘दायफू.’ बारीक, चिरका, धाप लागलेला. कॅसेटमधला तोच बाईचा आवाज. मागच्या दारापलीकडून. माझ्या हातातला चमचा खाली पडला. थोड्या वेळानं पुन्हा, ‘दायफू.’ मी तिसरीची वाट बघितली. मी, हृदयरोगतज्ज्ञ, अमेरिकन नागरिक, ‘अंधश्रद्धा आणि आपण’चा वक्ता, फ्रिजला पाठ लावून रामरक्षा म्हणत तिसऱ्या हाकेची वाट बघत उभा राहिलो. तिसरी आली नाही. म्हणजे माणूस नव्हे, असं मी तुझ्या शास्त्राप्रमाणे ठरवलं आणि हललो नाही. चहा उतू जाऊन शेगडी विझली तरी हललो नाही. पंधरा मिनिटं. घड्याळ समोरच होतं, म्हणून आकडा नक्की सांगतो.

मग धीर करून पडदा बाजूला केला. बर्फात लहान लहान पावलांचे खड्डे होते, कुंपणाच्या फटीपासून माझ्या पायरीपर्यंत आलेले. पायरीवर कुणीतरी बसल्याची खूण, शेजारी पाच बोटांचा ठसा. आणि तेच खड्डे परत गेलेले, पण सरळ नाही, झोकांड्या खात. अक्का, भुताची पावलं मी पाहिलेली नाहीत, पण पायाला सूज आलेल्या माणसाची पावलं मला कळतात. मी तसाच, चपला घालून, पळालो.

शूबाई त्यांच्या स्वयंपाकघरात टेबलाला धरून बसल्या होत्या. ओठ निळे, पाय पोटऱ्यांपर्यंत सुजलेले, श्वासात पाणी वाजतंय. मला बघून त्यांनी माझ्या छातीकडे बोट केलं आणि म्हणाल्या, ‘दायफू’. मग स्वतःच्या छातीकडे बोट केलं. एवढंच. तेव्हा मला कळलं की तो शब्द म्हणजे मी. दायफू म्हणजे डॉक्टर. वाक्यावाक्यागणिक तो माणूस मला हाक मारत होता, आणि मी त्याला ‘हो की नाही’ समजलो. टेबलावर गोळ्यांच्या बाटल्या होत्या. तारीख सप्टेंबरची, आणि महिन्याच्या गोळ्या अजून अर्ध्या शिल्लक. सुरीनं चार चार तुकडे केलेले. मी बाटली हातात घेऊन त्यांच्याकडे बघितलं, तर मान खाली घालून त्या पुटपुटल्या, ‘थाय ग्वे ल.’ हुबेहूब तोच आवाज. माझ्या अंगावर काटा आला आणि तो अजून पुरता गेलेला नाही.

मी ॲम्ब्युलन्स बोलावली. तिचा आवाज ऐकून बाई दोन्ही हात हलवायला लागल्या, थाय ग्वे ल, थाय ग्वे ल. आता जागा माझी होती. मी म्हणालो, बू ग्वे. बू ग्वे, बू ग्वे. (अमेरिकेतली ॲम्ब्युलन्स! साऱ्या कारकिर्दीत पेशंटशी एवढं धडधडीत खोटं मी बोललो नव्हतो.) त्यांनी माझ्याकडे डोळे मोठे करून बघितलं. मग एकदम शांत झाल्या आणि स्ट्रेचरवर आडव्या झाल्या. गाडीतल्या मुलीनं फॉर्म काढून विचारलं, लास्ट नेम? मी शू म्हणणार होतो. पण हजार बुद्ध्यांतली एक ऐन वेळी जागी झाली आणि मी वाकून विचारलं, निन ग्वे शिंग? बाईंनी तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क हातानं बाजूला केला, मान थोडी उचलली आणि म्हणाल्या, थांग. त्यांच्यात बायका माहेरचं आडनाव बदलत नाहीत. चौदा वर्षं मी त्यांना नवऱ्याच्या आडनावानं ओळखत होतो आणि मला कधी विचारावंसं वाटलं नव्हतं. लाज वाटते, अक्का. त्या पंधरा मिनिटांची वाटते, आणि याचीही तितकीच वाटते.

बाई वाचल्या. गेल्या सोमवारी घरी आल्या. केव्हिन बॉस्टनहून रजा काढून आला आहे. त्याला मी कॅसेटी ऐकवल्या, तेव्हा तो म्हणाला, ‘डॉक्टर अंकल, धिस इज नॉट अ लँग्वेज कोर्स. ही इज टॉकिंग टु यू.’ याओ म्हणजे औषध. बापाला ठाऊक होतं, आपण गेलो की ही बाई मुलाला त्रास नको म्हणून दुखणं सांगणार नाही, आणि महाग म्हणून गोळ्या घेणार नाही. शेजारी डॉक्टर आहे, त्याला फक्त चार वाक्यं यायला हवीत. म्हणून जूनमध्ये, उघड्या खिडकीशी बसून, पोटात तो रोग घेऊन, त्यांनी माझ्यासाठी धडे भरले. कुंपणापलीकडे मी गवत कापत होतो आणि शिंकत होतो. केव्हिनला चिनी बोलता येतं पण वाचता येत नाही, त्यामुळे झाकणावरचं त्याला कळलं नाही. थांगबाईंनी झाकण वाचलं. ‘पलीकडच्या घरच्या दायफूंसाठी, सप्रेम.’ ते माझंच होतं, अक्का, आणि मी ते पोचा दाखवून भाव पाडून घेतलं. बाईंनी खुणेनं विचारलं, केवढ्याला घेतलंत? खोटं बोलायची सोय नव्हती. मी दोन बोटं दाखवली. त्यांनी डबा उलटसुलट करून बघितला, पोचा बघितला, सैल झाकण हलवून बघितलं, आणि म्हणाल्या, थाय ग्वे ल. आणि हसल्या. हसताना धाप लागली तरी हसत राहिल्या, मग केव्हिनही हसला आणि नंतर रडला.

असो. पत्र फार लांबलं. गुडघ्याला तेल लाव, माकडांवर दगड टाकायला स्वतः झाडाखाली जाऊ नकोस. जावेला माझा नमस्कार सांग, म्हणजे ती दोन दिवस तरी गप्प बसेल.

तुझा,
चारू

ता. क. १: बारा मार्चचं तिकीट मी रद्द केलं आहे. रागावू नकोस. नोव्हेंबरात येतो, नक्की. निवृत्त होऊन सहा वर्षांनी मला एक पेशंट मिळाली आहे आणि ती अजून गोळ्या लपवते. येत्या बुधवारी त्यांचा नववर्षाचा सण आहे, मला जेवायला बोलावलं आहे. तोवर कमोडवर जावेला बसू दे.

ता. क. २: तिसऱ्या कॅसेटचं वर लिहिलं नाही. तिच्यात धडा नाही. पंख्याचा आवाज, खुर्ची सरकवल्याचा आवाज, मग ‘दायफू’. खूप वेळ काही नाही. पुन्हा ‘दायफू’. त्यानंतर शेवटपर्यंत कोरी. केव्हिन म्हणतो, दमले असतील, बंद करून झोपले असतील. असतील. मी ती पुन्हा लावली आणि या खेपेला पहिल्या हाकेलाच ओ दिली.

ता. क. ३: खरं काम हे. मी चौऱ्याऐंशी साली आणलेला टेपरेकॉर्डर तू विणलेलं कव्हर घालून ठेवला आहेस, तो अनिशला काढायला सांग. नवी कॅसेट आण (महाग पडते म्हणून भजनाच्या कॅसेटवर भरू नकोस), आणि मला काहीही विचार. जेवलास का विचार, कधी येतोस विचार. विचारून झालं की थोडी थांब, म्हणजे मला उत्तर देता येईल. अमेरिका लांब आहे म्हणून ओरडू नकोस, आणि तीनतीनदा हाक मारू नकोस. एकदाच मार. मी ओ देईन.